०.२ मायक्रॉनची फिल्टर कॅप्सूल (द्रव गाळायची बंद डबी) नवी असूनही प्रवाह मंद का? धुऊन पुन्हा वापरता येईल का?

नव्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा अडकलेली हवा हेच कारण असतं. मेंब्रेन, म्हणजे आतली गाळणारी पातळ पडदी, एकदा ओली झाली की हवा तिच्यातून सहजी जात नाही. जिथे हवा कोंडते, तेवढा भाग बंदच राहतो. म्हणून कॅप्सूल उभी धरा, व्हेंट (हवा बाहेर सोडायचं तोंड) वरच्या बाजूला ठेवा, पंप हळू सुरू करा आणि व्हेंटमधून बुडबुड्यांशिवाय अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मगच बंद करा. बॉडीवरचा प्रवाहाची दिशा दाखवणारा बाणही बघून घ्या. उलट्या दाबाने आतल्या घड्या फाटू शकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

मेंब्रेन पाणी न धरणाऱ्या पीटीएफईची (टेफ्लॉनची) असेल तर नुसतं पाणी आत शिरणारच नाही. आधी ७० टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) भिजवा, ते सुकण्याआधी पाण्याने धुवा.

प्रवाह सुरुवातीला चांगला असून नंतर पडत असेल तर मात्र ती चोंदतेय. दाब वाढवून रेटू नका, आधी ०.४५ किंवा ०.८ मायक्रॉनचा प्रीफिल्टर लावा, तो स्वस्तात पडतो. इनलेट आणि आउटलेट दोन्हीकडे दाबाचे गेज हवेत, एका गेजवरून दाबातला फरक कळत नाही.

धुऊन पुन्हा? निर्जंतुक कामासाठी नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायची असेल तर वापरण्याआधी, कंपनीने परवानगी दिली असेल तरच, व्हेंट सैल ठेवून. बॅच संपल्यावर बबल पॉइंट, म्हणजे ओल्या मेंब्रेनमधून हवा बाहेर पडू लागते तो दाब, तपासा. तो कंपनीच्या सर्टिफिकेटवरच्या आकड्यापेक्षा कमी आला तर कॅप्सूल पुन्हा नीट भिजवून एकदा तपासा, कारण अर्धवट ओली मेंब्रेनही नापास होते.