४,२९,४९,६७,२९७ कसोटीला उतरते, मग मूळ का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: पाया २ घेऊन फर्माची कसोटी लावली (पायाचा 'संख्या − १' इतका घात करून त्या संख्येने भागायचं; संख्या मूळ असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर बाकी १ येतेच), बाकी १ आली, तरी ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत नाही. यादी बरोबर आहे. चुकतोय तो पाया.

संख्येला 'न' म्हणू. न = २^३२ + १. म्हणजे २^३२ (२ चा ३२ वा घात) ला न ने भागलं की बाकी −१ (म्हणजेच न − १), आणि २^६४ ची बाकी १. कसोटीतला घातांक न − १, म्हणजे २^३२. त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे उत्तर १ येणारच, न मूळ असो वा नसो. मिलर-राबिनमध्ये (फर्माच्या कसोटीचं कडक रूप) एकटा पाया २ ठेवलात तरी हीच गत. पाया ३ घ्या: ३^(न−१) ची बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. संख्या संयुक्त, इथेच निकाल लागला.

आता अवयव. ज्याच्या नावाची कसोटी, त्या गणिती फर्माला ही संख्या मूळ वाटत होती. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ काढून दाखवला. आंधळेपणाने भागत बसायची गरज नाही. 'प' हा न चा मूळ अवयव असेल, तर प ने भागताना २ च्या घातांच्या बाक्या बरोबर ६४ पायऱ्यांनी फिरून १ वर येतात, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते! (लुकासने पुढे ६४ च्या जागी १२८ चालतात हे सिद्ध केलं, मग २५७ आणि ६४१ एवढेच उरतात.)

कागदावर पडताळा: ६४१ = ५×२^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. पहिल्यावरून ५×२^७ ची बाकी −१, चौथा घात केला की ५^४×२^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ टाका: −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग.

उरतो ६७,००,४१७. त्याचे अवयवही १२८ च्या पटीत १ मिळवूनच येणार आणि वर्गमूळ २,५८९ च्या आत, म्हणून फक्त ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ तपासायचे. बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. तोही मूळ.

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी: ३२ बिटांत न साठवलात तर तो १ होतो. ६४ बिटांत आणखी गंमत आहे. फर्माच्या कसोटीत पाया २ चे वर्ग करत गेलात की न − १ येतो, त्याचा वर्ग नेमका २^६४, म्हणजे ओव्हरफ्लो होऊन (६४ बिटांत न मावल्याने) शून्य. प्रोग्राम 'संयुक्त' सांगतो. उत्तर खरं, कारण साफ चुकीचं. मधला गुणाकार १२८ बिटांत करा आणि मिलर-राबिनमध्ये पाये २, ७, ६१ ठेवा. ४,७५,९१,२३,१४१ च्या आतल्या संख्यांना तेवढे तीन पुरतात.