‘कापा की बरका?’ इथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मे महिन्यात आणि गणपतीला सगळं कुटुंब गावच्या घरी जमतं, आठ-दहा दिवस एका छपराखाली राहतं, पण बोलणं हायवेचे खड्डे, जागेचे भाव आणि कोणाच्या मुलाला किती टक्के पडले यापलीकडे सरकत नाही. मित्रांमध्येही तेच. तर माणसं जरा नव्याने कळतील असे हलकेफुलके प्रश्न कोणते, आणि ते विचारताना आपण येडे कसे दिसणार नाही?

येडं दिसण्याचा अनुभव माझ्या पदरी आहे, म्हणून लिहिते.

मी घाटावरची. माहेर कराडचं, लग्न होऊन देवगड तालुक्यात आले त्याला सोळा वर्षं झाली. उंबरठा ओलांडून आत आले, तर चुलत सासूने पहिलाच प्रश्न टाकला, “माशे खातंस मां?” मी हो म्हटलं आणि अर्धं घर सुटकेचा श्वास सोडून कामाला लागलं. पुढचे प्रश्नही ठरलेले: आजोळ खय, शिक्षण किती, भाऊ काय करता. हे प्रश्न विचारणारा तुम्हाला ओळखत नसतो, तुमची नोंद करत असतो. सोळा वर्षांत माझी नोंद पक्की झाली, त्यांची माझ्याकडे झाली. पण सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, गाणं कुठलं आवडतं हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं.

मग मी शहाणपणा केला. आर्थर ॲरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवायचं आणि त्यांनी एकमेकांना ३६ प्रश्न विचारायचे. बारा-बाराचे तीन गट, पहिले सोपे, मग हळूहळू मनाच्या जवळचे. पाऊण तासात त्या दोघांत, नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा, जास्त जवळीक तयार झाली. ही यादी आता कुठेही सापडते. मी ती फोनवर उतरवून घेतली आणि मे महिन्यातल्या एका संध्याकाळी लाईट गेली, सगळे खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसले, तेव्हा मराठीत भाषांतर करून वाचायला लागले.

पहिला प्रश्न: जगातल्या कोणालाही जेवायला बोलवायचं झालं तर कोणाला बोलवाल? अण्णा म्हणाले, “आधी सांग, बांगडे किती आसत?”

हशा झाला. त्यातलाच आणखी एक, फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनात तालीम करता का, हा मात्र छान चालला. धाकटे काका बँकेत फोन लावायच्या आधी न्हाणीत उभे राहून मोठ्याने सराव करतात, हे काकीने फोडलं. मला चेव आला. मधले वीसेक प्रश्न गाळून मी थेट शेवटच्या गटात उडी मारली: आज संध्याकाळी तुम्ही मेलात तर कोणाला काय सांगायचं राहिलं याची खंत वाटेल?

तिन्हीसांजेची वेळ. देवासमोर दिवा लावून सासूबाई नुकत्याच बाहेर येत होत्या. “तिन्हीसांजचां काय बोलतंस गो ह्यां!” म्हणून त्या तशाच परत आत गेल्या, आणि पाठोपाठ एकेक जण डासांचं निमित्त करून उठला. खळ्यात मी आणि फोनचा उजेड.

ॲरनच्या प्रश्नांत खोट नव्हती. ते दोघांसाठी होते आणि पायऱ्या चढत जायचे होते. मी ते दहा जणांसमोर, पायऱ्या गाळून, वर अमंगळ वेळेला विचारले. शिवाय आपल्याकडे मोठ्या माणसांना समोर बसवून, डोळ्यांत बघून मनातलं विचारलं की त्यांना चौकशी चालल्यासारखं वाटतं. हे मला त्याच आठवड्यात कळलं, रतांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, ढिगापाशी.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकलेले रतांबे आले की पडवीत ढीग ओतायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. फळ फोडायचं, गर आणि बिया एका टोपात, सालं दुसऱ्यात. गरात मीठ घालून जो रस सुटतो त्यात सालं बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत उन्हात. अशी आमसुलं होतात. बोटं चार दिवस लाल राहतात. दोन-तीन तास जागचं हलता येत नाही, फोन हातात धरता येत नाही आणि सगळ्यांचे डोळे ढिगात. जीभ तेवढी मोकळी.

मी सहज विचारलं, “अण्णा, पहिल्यांदा मुंबईला गेलात तेव्हा ट्रंकेत काय काय होतं?”

अण्णा बोलायला लागले ते ढीग संपेपर्यंत. तेव्हा पावसाळाभर बोट बंद असायची. पाऊस सरल्यावर ती सुरू झाली, तेव्हा सतरा वर्षांचे अण्णा देवगडहून निघाले. होडीतून मोठ्या बोटीपर्यंत जायचं आणि लाटेबरोबर होडी वर आली की वरच्या माणसाने हात धरून ओढून घ्यायचं. ट्रंकेत दोन शर्ट, कुळथाची पिठी, आणि आजीने फडक्यात बांधून दिलेली सुकट. रात्रभर बोट लागली, ट्रंक कलंडली, पुरचुंडी सुटली. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा दोन्ही शर्टांना सुकटीचा वास. तसाच शर्ट घालून गिरणीच्या दारात उभे राहिले. जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं भरणारा मुकादम, रांगेतून चालत आला, यांच्यापाशी थांबला, वास घेतला आणि म्हणाला, “खयचो रे तू?” जॉबर मालवणकडचा होता. अण्णांना बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काम मिळालं.

घरातल्या कोणीही, माझ्या नवऱ्यानेसुद्धा, ही गोष्ट ऐकलेली नव्हती. ‘तुमच्या नोकरीबद्दल सांगा’ असं विचारलं असतं तर अण्णा म्हणाले असते, “काय सांगूचा? गिरणीत होतंय.” ट्रंक विचारली म्हणून सुकट निघाली.

तर हा माझा पहिला सल्ला. भावना विचारू नका, वस्तू विचारा. पहिल्या पगारातून काय घेतलं? शाळेत डबा कशाचा होता? घरातल्या कुठल्या भांड्याला तुम्ही कोणाला हात लावू देत नाही? लहानपणी चिडवायचं नाव काय होतं? (हा जपून. आमच्या एका मामांचं नाव कळल्यावर पोरं ते अजून सोडत नाहीत.) भावना त्या वस्तूला चिकटून आपोआप येतात, आणि नाही आल्या तरी गोष्ट मिळते.

अण्णांची गोष्ट त्या दिवशी ‘मगे संप इलो’ इथे येऊन अडली. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. आमच्या भागात कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत होती, त्यांच्यासाठी ती तारीख म्हणजे घरात कोणी गेल्यासारखीच. अण्णा थांबले, हातातला रतांबा फोडायचा राहिला. मी पुढे काही विचारलं नाही. गाववाल्यांच्या खोलीत किती जण झोपायचे, असा उलटा, सोपा प्रश्न टाकला आणि ते हसून पाळीपाळीने झोपण्याच्या गमती सांगू लागले. संपाचं त्यांनी सांगितलं, पण दोन दिवसांनी, विहिरीवर पंप सुरू करताना, मी एकटी असताना. ते इथे लिहीत नाही. हलका प्रश्न कधी जड जागेवर जाऊन टेकेल हे आधी कळत नाही. टेकला की आपण एक पाऊल मागे यायचं, त्यांना पुढे यायचं असेल तर ते येतात.

दुसरा सल्ला उपप्रश्नाचा. २०१७ साली हार्वर्डच्या काही संशोधकांनी माणसांची संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात असं दिसलं, आणि त्यातही जी ऐकलेल्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात ती. मी मात्र हे सुरमईच्या शेपटीवरून शिकले.

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, कायम सुरमईचा शेपटीकडचा तुकडा घ्यायच्या. मला वाटायचं, बाईने जन्मभर त्याग केला. एकदा जेवताना विचारलं, “आई, तुम्हाला खरं म्हणजे कुठला तुकडा आवडतो?” त्या म्हणाल्या, “माका कोणी कधी इचारल्यानच नाय.” माझे डोळे भरून आले. मी मधला जाडजूड तुकडा उचलून त्यांच्या ताटात वाढला. त्यांनी तो परत माझ्या ताटात ठेवला. “गो, माका शेपटीच आवडता. कुरकुरीत लागता.”

म्हणजे त्याग वगैरे माझ्या डोक्यातला. पण आता प्रश्न निघालाच होता म्हणून विचारलं, “मग न आवडणारं काय?” क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं, “घावणे.”

पंक्तीत शांतता. चाळीसहून जास्त वर्षं या बाईने रोज सकाळी पंधरा माणसांना घावणे घातले. नवऱ्याचा घास हातात राहिला. मग नाश्त्याला आवडतं काय? तर लग्नानंतर पहिल्यांदा आठ दिवस मुंबईला गेल्या होत्या, तेव्हा अण्णांनी परळला एका इराण्याकडे नेऊन बनमस्का खायला घातला होता. तो.

अण्णा म्हणाले, “माका वाटलां तुका आवडलां नाय, म्हणान गप होतंस.”

“तोंडात पाव होतो.”

आता रविवारी नवरा बाजारातून पाव आणि बटर आणतो. इराण्याची सर नाही, पण त्या दिवशी घावण्याचा तवा मी धरते आणि आई ओटीवर बसून पाव खातात.

मित्रांच्या बाबतीत फार डोकं लावायला नको, तिथे भीड कमी असते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मी विचारलं होतं, फोनमधला सगळ्यात जुना फोटो टाका आणि तो अजून का ठेवलाय ते सांगा. दिवसभर ग्रुप गुड मॉर्निंगशिवाय चालला. ‘माझं नाव तुझ्या फोनमध्ये काय म्हणून सेव्ह आहे?’ हाही चालतो, काळीज घट्ट असेल तर. शाळेत आपण स्लॅमबुक भरायचो ते आठवतं ना? आवडता रंग, आवडता हिरो, आणि ‘माझ्याबद्दल एक वाक्य’. मी हायस्कूलला शिकवते, आठवीच्या वर्गात अजूनही एखादं बाकाखाली फिरताना सापडतं. जप्त करते, वाचते, परत देते. त्यातला ‘आवडता रंग’ हा प्रश्न बेकार आहे. कोणाला आकाशी आवडतो हे कळून काय करायचं?

मुलांवरून आठवलं. एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी वीस प्रश्नांची एक यादी केली होती. आईवडील कुठे भेटले, तुमचं नाव कोणावरून ठेवलं, अशा घरच्या इतिहासाची. ज्या मुलांना यातली जास्त उत्तरं माहीत, त्यांचा आत्मविश्वास जास्त दिसला. अर्थात उत्तरं पाठ करून घेतली की झालं, असा त्याचा अर्थ नाही. ज्या घरात बोललं जातं तिथे ती माहीत असतात, इतकंच. मी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एक प्रश्न विचारून यायला सांगते. आमच्या घरात यातून एक खेळच झाला, ‘तुझा जिल्हा कोणता?’ सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी हा सगळा रत्नागिरीच. नवरा ७९ चा, नणंद ८३ ची. दोघं आजोळच्या एकाच खोलीत, एकाच सुईणीच्या हातून जन्मली, पण त्याचा जिल्हा रत्नागिरी आणि हिचा सिंधुदुर्ग. भांडण झालं की वन्स त्याला “परजिल्ह्यातलो” म्हणतात.

काय विचारू नये ते तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते, कारण हेच प्रश्न आपल्याकडे हसत हसत विचारले जातात: पगार, वजन, लग्न कधी, गुड न्यूज कधी. हसत विचारल्याने ते हलके होत नाहीत.

आणि आधी स्वतःचं उत्तर द्या. मी माझी फजिती सांगितल्याशिवाय आमच्या घरात कोणी तोंड उघडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी सोलकढी गरम करायला गॅसवर ठेवली होती आणि ती फुटली. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता पोरंच मला दुरुस्त करतात.

तुमचं मे महिन्यातलं जमणं जवळ आलं असेल, तर यादी वगैरे काढू नका. फणस फोडायला बसा, हाताला तेल लावा आणि विचारा, कापा की बरका, म्हणजे घट्ट गऱ्यांचा की मऊ, रसाळ? कोकणात या प्रश्नावर गप्प बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. तो विषय लहानपणीच्या झाडावर जाईल, झाड कोणाच्या वाट्याला गेलं त्यावर जाईल (तिथून लवकर बाहेर काढा), आणि मग कुठेही जाईल. आमच्याकडे कापावाले नऊ. बरकावाली मी एकटी, आणि त्याचं कारण म्हणे घाट.