शेतातल्या ओस पडलेल्या खासगी धावपट्टीमागे काय इतिहास असतो?

तुम्ही विचारलंय की उपग्रहाच्या फोटोत शेतांच्या मधोमध दिसणारी गवताची जुनी धावपट्टी शेतकऱ्याने केली कशाला, आणि सोडली का. मला या पट्ट्यांचा नाद आहे, जुने हवाई फोटो समोर घेऊन मी तासन्‌तास बसतो. त्यावरून सांगतो.

अशा पट्टीला पाहून ‘श्रीमंताची हौस’ म्हणतात, ते मला पटत नाही. ती बहुतेकदा ट्रॅक्टरसारखीच शेतीच्या कामाची गोष्ट होती. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर वैमानिक घरी परतले. १९४४ च्या जीआय बिल या कायद्यामुळे माजी सैनिकांच्या उड्डाणशिक्षणाचा खर्च सरकार उचलू लागलं. एकट्या १९४६ सालात तिथे ३०,००० हून जास्त छोटी विमानं तयार झाली. पायपर कब हे त्यातलं लाडकं विमान: लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड मढवलेलं, इंजिन ६५ अश्वशक्तीचं. त्याला तीन-चारशे मीटर गवत पुरायचं. लांबवर पांगलेली गुरं शोधायला, यंत्राचा सुटा भाग घेऊन यायला त्याचा उपयोग. रान सपाट करायचं, रोलर फिरवायचा, गवत कापत राहायचं, झाली धावपट्टी.

न्यूझीलंडची गोष्ट वेगळी. तिथे १९४९ पासून डोंगरउतारावरच्या कुरणांवर विमानाने सुपरफॉस्फेट खत टाकायला लागले. पट्टी मुद्दाम उतरती ठेवत: चढाच्या दिशेने उतरायचं, वरच्या टोकाला खत भरायचं आणि उताराच्या जोरावर सुटायचं. पट्टीच्या वरच्या टोकाला एकटी शेड दिसली, तर ती खताची असण्याची शक्यता मोठी.

बंद पडण्याची मोठी कारणं आहेतच. विम्याचे आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांचे खर्च वाढले. अमेरिकेत १९७८ मध्ये १७,००० हून जास्त छोटी विमानं बनली होती, १९९४ मध्ये हजारसुद्धा नाहीत. पण एकेका शेतावर घडतं ते साधंच. उडवणारा म्हातारा होतो, वैद्यकीय तपासणीत बसत नाही, मुलाला विमानात रस नसतो. एक-दोन हंगाम गवत कापलं नाही की चाकं अडकतात, बिळं दिसत नाहीत. म्हणून बंद झाल्याची तारीख कुठल्या कागदावर सहसा सापडत नाही.

तरी माग काढता येतो. वैमानिकांच्या नकाशांच्या जुन्या आवृत्त्या ओळीने लावा आणि पट्टीची खूण कोणत्या वर्षी गायब झाली ते बघा. हवाई फोटोत चाकांच्या दोन फिकट रेषा, टोकाला वळण्यासाठी रुंद केलेली जागा आणि झाडांच्या रांगेतली खिंड शोधा. नांगरट झाली असली तरी दबलेली माती लवकर सुटत नाही. कोरड्या वर्षी पीक तेवढ्याच सरळ पट्ट्यात आधी पिवळं पडतं.

आणि मालकाची परवानगी मिळाली तर प्रत्यक्ष जाऊन गवत बाजूला सारा. मला एका पट्टीच्या कडेला काँक्रीटमध्ये बसवलेल्या तीन लोखंडी कड्या मिळाल्या होत्या. दोन पंखांना बांधायच्या, एक शेपटीला. शेपटीच्या कडीला साखळी घासून करंगळीएवढी खाच पडली होती.