निरोध फाटला, आता पुढे काय?

(आरोग्य शंकासमाधान. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.)

प्रश्न : शनिवारी रात्री अकराच्या सुमारास निरोध फाटला. रविवार घाबरण्यातच गेला. सोमवारी सकाळी औषधाच्या दुकानात आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी आणायला गेले तर त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. पाकिटावर ७२ तास लिहिलेलं असतं, पण मैत्रीण म्हणते दुसऱ्या दिवशी सकाळीच घ्यावी लागते. आणि या गोळीनं गर्भ पडतो का? वय २३, अविवाहित. (पुणे)

उत्तर : हे छापून येईपर्यंत तुमचा मंगळवार केव्हाच उलटलेला असेल. तेव्हा आधी तुमच्यापुरतं सांगतो : त्या रात्रीनंतर तीन आठवडे झाले की लघवीची गर्भतपासणी करा, गोळी घेतली असली तरी आणि नसली तरी. त्याआधी पट्टीवर एकच रेघ आली तर तिच्यावर विसंबू नका.

आता सगळ्यांसाठी. सोमवारी सकाळी तुमचे जेमतेम दीड दिवस झाले होते, म्हणजे गोळीची वेळ टळलेली नव्हती. ही गोळी म्हणजे लिव्होनॉर्जेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकदाच घ्यायची. आय-पिल, अनवाँटेड-७२ ही त्याच औषधाची दुकानातली नावं. भारतात २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. किंमत शंभर रुपयांच्या आसपास. दुकानदारानं नाही म्हटलं तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, पुढचं दुकान गाठा. लाज वाटत असेल तर कागदावर ‘लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५’ लिहून न्या. पाऊण मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या हाती आल्या तर दोन्ही एकदमच घ्या.

गर्भ पडत नाही, आणि का पडत नाही ते कळलं की घाई कशासाठी करायची तेही कळतं. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतं. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे बऱ्याचदा संबंध आधी आणि बीज नंतर, असा क्रम असतो. गोळी या मधल्या फटीत काम करते. ‘बीज सोड’ असा निरोप देणारं संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून उसळतं. ते उसळण्याआधी गोळी पोटात गेली तर बीज काही दिवस अडतं, तोवर पुरुषबीजं मरून जातात. निरोप एकदा सुटला की गोळीचा इलाज चालत नाही. म्हणून ७२ तास ही मुदत आहे, मुहूर्त नव्हे. चोविसाव्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासाच्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. आधीच गर्भ राहिलेला असेल तर ती त्याला पाडतही नाही आणि इजाही करत नाही.

वेळेवर घेऊनही शंभर जणींमागे एक-दोघींना दिवस जातात. त्याहून कितीतरी खात्रीचा उपाय आहे तांबी, म्हणजे कॉपर-टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसवली तर ९९ टक्क्यांहून अधिक वेळा गर्भधारणा टळते. सरकारी रुग्णालयात ती फुकट बसवतात आणि ३८०-ए ही जात पुढे दहा वर्षं चालते. ती मूल झालेल्यांनाच बसवतात असा आपल्याकडे पक्का समज आहे. मूल न झालेल्या तरुणीलाही ती बसवता येते. वजन ७० किलोच्या पुढे असेल तर गोळीचा गुण उणावतो, तेव्हा पहिला विचार तांबीचाच करावा.

प्रश्न : गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली. पुन्हा घ्यायची का? आणि आता महिनाभर काळजी नाही ना? (सांगली)

उत्तर : दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यायची, लगेच. त्यानंतर झाली तर गरज नाही. रिकाम्या पोटी मळमळ जास्त वाटते, चार घास खाऊन घ्यावी.

महिन्याभराची काळजी मात्र मिटत नाही, उलट वाढते. गोळीनं अडवलेलं बीज रद्द झालेलं नसतं, पुढे ढकललेलं असतं. चार-सहा दिवसांनी ते सुटू शकतं, आणि नेमकं तेव्हा ‘गोळी घेतलीय की’ म्हणून बिनधास्त राहणाऱ्यांची पंचाईत होते. पुढची पाळी येईपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरा. पाळी ठरल्या दिवसाच्या आठवडाभर इकडे-तिकडे होऊ शकते. आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासणी करा. मध्येच थोडंसं अंगावरून गेलं तर तीच पाळी समजून गप्प बसू नका. खालच्या ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत राहिल्याची ती खूण असू शकते.

प्रश्न : मला टीबीची औषधं सुरू होऊन तीन महिने झालेत. मध्यंतरी आशाताईंकडून दोन रुपयांची आपत्कालीन गोळी घेतली होती. टीबीच्या औषधांबरोबर चालते का? (जळगाव जिल्हा)

उत्तर : फार महत्त्वाचा प्रश्न, आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन (लघवी नारिंगी करणारं तेच) यकृताला इतकं कामाला लावतं की गर्भनिरोधक संप्रेरकं रक्तात टिकायच्या आत त्यांचा निकाल लागतो. एका गोळीचा पुरेसा परिणाम होत नाही. अशा वेळी तांबी सर्वांत उत्तम, कारण तिच्यात संप्रेरक नाही. फक्त गर्भाशयाचाच टीबी असेल तर ती बसवत नाहीत. तांबी शक्य नसेल तर दोन गोळ्या, म्हणजे तीन मिलिग्रॅम, एकदम घ्यायच्या. फिटसाठीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या औषधांनाही हाच नियम.

रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही त्याचा असर चार आठवडे राहतो. तोवर माला-डी, माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन चालतं. टीबीची औषधं मात्र गर्भाच्या भीतीनं एक दिवसही चुकवू नका.

प्रश्न : गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत होते. त्या सुरू असताना संबंध आला. संप्रेरकाच्याच गोळ्या, मग दिवस जाणार नाहीत ना? (ठाणे)

उत्तर : भाद्रपदानंतर हे पत्र दरवर्षी येतं. नॉरएथिस्टेरॉनच्या पाच मिलिग्रॅमच्या, दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या पाळी थोपवतात, पण त्यांना गर्भनिरोधक मानत नाहीत. पाळीला तीन दिवस उरले असताना त्या सुरू केल्या असतील आणि पाळी नियमित असेल, तर बीज आधीच येऊन गेलेलं असतं आणि धोका कमी असतो. पण सणाच्या हिशेबानं आठ-दहा दिवस आधीपासून सुरू केल्या असतील, किंवा पाळीचा नेम नसेल, तर संबंधानंतर ७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळी घ्या. थोपवायच्या गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडाभर आली नाही तर तपासणी करा. ‘गोळ्यांमुळेच लांबली असेल’ म्हणत महिना काढणाऱ्या पुष्कळ.

प्रश्न : गावात आपत्कालीन गोळी मिळत नाही, घरात माला-डीचं पाकीट आहे. चालेल? (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : अडीअडचणीला चालतं. चार गोळ्या आत्ता, चार बरोबर बारा तासांनी, आणि सुरुवात ७२ तासांच्या आत. एक चूक हमखास होते : पाकिटातल्या २८ पैकी सात तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात, त्यांचा इथे काडीचा उपयोग नाही. पांढऱ्याच घ्यायच्या. मळमळ नेहमीच्या गोळीपेक्षा बरीच जास्त होते आणि गुणही कमी. त्याआधी आशाताईंना आणि उपकेंद्रात विचारून पाहा, त्यांच्याकडे आपत्कालीन गोळ्या असतात. छायाच्या गोळ्या मात्र या कामाच्या नाहीत, त्या नियमित घ्यायच्याच.

कच्ची पपई, अननस, तीळ-गूळ, गरम पाण्यानं आतून धुणं, उड्या मारणं यांतल्या कशानंही गर्भ टळत नाही. फुकट जातात ते तास.

प्रश्न : बायकोनं दोन महिन्यांत तीनदा ही गोळी घेतली. पुढे मूल होणार नाही, असं आई म्हणते. (सोलापूर)

उत्तर : तसं काही होत नाही. पाळीचं वेळापत्रक मात्र पार विस्कटतं. आणि दरवेळची शंभरातली एक-दोन जोखीम साठत जाते. नेहमीसाठी निरोध, माला-एन, छाया (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा), दर तीन महिन्यांनी अंतरा किंवा तांबी, यांतलं काहीही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आणि पत्र तुम्ही लिहिलंत म्हणून विचारतो : निरोध तुम्ही का वापरत नाही?

प्रश्न : गोळी घेऊनही पाळी चुकली. दुकानदारानं पाच गोळ्यांचं ‘किट’ पुढे केलं. (नाशिक)

उत्तर : घेऊ नका. आधी लघवीची तपासणी. पाच गोळ्यांचं ते किट (एक मिफेप्रिस्टोन, चार मिसोप्रोस्टॉल) गर्भपाताचं आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. सोनोग्राफी न करता घेतलं आणि गर्भ नलिकेत असेल तर जिवावर बेततं. नावांच्या सारखेपणानंही घोळ होतो : अनवाँटेड-७२ ही आपत्कालीन गोळी, अनवाँटेड-२१ ही रोजची, अनवाँटेड किट हे गर्भपाताचं. खोक्यावरचं औषधाचं नाव वाचूनच पैसे द्या.

गर्भ असेल आणि नको असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात जा. कायद्यानं १८ वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निरोध किंवा गोळी अयशस्वी ठरल्याचं कारण अविवाहितेलाही देता येतं.

प्रश्न : मैत्रिणीवर जबरदस्ती झाली. पोलिसांत जायची तिची तयारी नाही. गोळीसाठी तक्रार लागते का? (नागपूर)

उत्तर : नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं तिच्यावर लगेच आणि मोफत उपचार करायलाच हवेत, तक्रार नसली तरी. गोळी दुकानातून आणून भागवू नका. एचआयव्ही रोखणारी औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात, ती रुग्णालयातच मिळतील. जमलं तर तपासणीपूर्वी अंघोळ करू नये, त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत न्यावेत, म्हणजे पुढे तक्रारीचा विचार बदलला तर पुरावा हाताशी राहील. अंघोळ झाली असेल तरी जावं. सोबतीला कुणी हवं असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.