रोबोकॉनच्या रोबोत कुठली मोटर कुठे लावायची? चांगल्या मोटर चारच आहेत, सिनिअर म्हणतात त्या लिफ्टला लावा

रोबोकॉन ही कॉलेज टीमची रोबो स्पर्धा, आणि तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या टीमकडून आलेल्या २४ व्होल्टच्या चार दणकट प्लॅनेटरी मोटर (प्लॅनेटरी गिअरबॉक्स जोडलेल्या) हातात आहेत, बाकी ७७५ (छोटी, बिनगिअरची, खूप वेगाने फिरणारी मोटर) आणि जॉन्सन गिअर मोटर (स्वस्तातली, गिअरबॉक्ससकट येणारी), रोबो साधारण २५ किलोचा होणार, बेस ओम्नी व्हीलचा (कडेच्या छोट्या रोलरमुळे आडवंही सरकणारं चाक), वर लिफ्ट आणि बॉल फेकायला रोलर. सिनिअरचं म्हणणं असं की लिफ्ट वजन उचलते म्हणून चांगल्या मोटर तिकडे आणि बेसला जॉन्सन चालतील. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते आकड्यांनीच सांगतो, म्हणजे तुम्हाला मीटिंगमध्ये मांडता येईल.

आधी एक सवय लावा, मोटरचा विचार टॉर्कमध्ये (फिरवण्याच्या जोरात) नाही तर वॉटमध्ये (पॉवरमध्ये) करायचा. टॉर्क गिअरने वाढवता येतो, आरपीएम गिअरने वाढवता येतो, पण पॉवर कुठल्याच गिअरबॉक्समधून वाढत नाही. दुकानात जॉन्सनवर लिहिलेलं असतं ३०० आरपीएम, ३० किलो-सेंटिमीटर, आणि ऐकून वाटतं की हिच्यात काय कमी आहे. पण तो आकडा बहुतेक वेळा स्टॉल टॉर्क असतो, म्हणजे शाफ्ट जाम झाल्यावरचा. डीसी मोटर जास्तीत जास्त पॉवर देते ती नो-लोड स्पीडच्या (काहीही भार नसतानाच्या वेगाच्या) निम्म्यावर, आणि तेव्हा टॉर्कही स्टॉलच्या निम्माच असतो, म्हणून हिशोब होतो स्टॉल टॉर्क गुणिले नो-लोड स्पीड भागिले ४. ३० किलो-सेंटिमीटर म्हणजे साधारण ३ न्यूटन-मीटर, ३०० आरपीएम म्हणजे ३१ रेडियन प्रति सेकंद, उत्तर येतं २३ वॉट. बस एवढंच. तेही त्या पॉइंटला सतत चालवली तर तापून जाते, निवांत चालायची जागा ही नो-लोडच्या ८० टक्के स्पीडच्या आसपास असते आणि तिथे पॉवर अजून कमी मिळते.

आता बेसला किती लागतं बघा. २५ किलो, २ मीटर/सेकंद स्क्वेअरचं ॲक्सिलरेशन म्हणजे ५० न्यूटन, ओम्नी चाकाच्या रोलर्सचं घर्षण वगैरे धरून ६० म्हणा. तीन ओम्नी १२० अंशात लावल्या तर काही दिशांना एकाच चाकावर जास्त भार येतो, तो निघतो ४० न्यूटनच्या आसपास. टॉप स्पीड २ मीटर/सेकंद हवा असेल तर त्या क्षणी त्या एका मोटरकडून ८० वॉट पाहिजेत. १५० एमएमचं चाक असेल तर हे होतं २५५ आरपीएमला ३ न्यूटन-मीटर. २३ वॉटची जॉन्सन इथे काय करणार? रोबो चालेल, प्रॅक्टिसला ठीकही वाटेल, पण कोपऱ्यावरून उचल घेताना मागे पडेल आणि तिसऱ्या-चौथ्या रनला गिअरबॉक्समधून आवाज यायला लागेल.

ग्रिपचा हिशोबही इथेच करून टाका कारण तो फार कामाचा आहे. तीन चाकांवर २५ किलो म्हणजे एकेका चाकावर ८२ न्यूटन, घर्षण गुणांक ०.६ धरला तर ४९ न्यूटनला चाक घसरणार, म्हणजे शाफ्टवर ३.७ न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क गेला की तो फुकटच. पण मोटरचा स्टॉल टॉर्क याच्या बराच वर असावा, दुप्पट असला तर उत्तम, कारण मग रोबो भिंतीला टेकला आणि रोबो चालवणाऱ्याने रिमोटची स्टिक सोडली नाही तर मोटर जाम होण्याआधी चाक घसरतं आणि करंट स्टॉलच्या निम्म्यावरच थांबतो. मोटर आणि तिला करंट देणारा ड्रायव्हर बोर्ड दोन्ही वाचतात.

आता लिफ्ट, जिथे तुमच्या सिनिअरचा जीव अडकलाय. समजा कॅरेज (लिफ्टचा वर-खाली सरकणारा भाग) ३ किलोचं आणि उचलायची वस्तू १ किलोची, १ मीटर वर, १ सेकंदात. ४ × ९.८ म्हणजे ३९ वॉट, घर्षणात बरंच जातं म्हणून ६० ते ७० धरा. आकडा मोठा आहे हे मान्यच, पण तो कमी करायची सोय लिफ्टमध्येच आहे आणि बेसमध्ये ती नाही. कॅरेजच्या ३ किलोला कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंग (कितीही ताणली तरी सारखाच जोर देणारी) लावा, नाहीतर सर्जिकल ट्यूबिंग (ताणणारी रबरी नळी) ताणून लावा, मग मोटरला उचलायचा राहतो फक्त १ किलो, म्हणजे १० वॉट, घर्षणासकट १५ ते २०. हे जॉन्सन करते, आणि १ ऐवजी दीड सेकंद दिला तर अगदी आरामात करते. वर धरून ठेवायलाही सोपं, कारण स्प्रिंगशिवाय लिफ्ट वर धरणं म्हणजे मोटर स्टॉलच्या जवळ ठेवणं, सगळा करंट नुसती उष्णता होतो. स्प्रिंग जमत नसेल तर गाडीची पॉवर विंडो मोटर बघा, आत वर्म गिअर असतो त्यामुळे सप्लाय बंद केला तरी लोड खाली सरकत नाही, पुण्यात जुन्या बाजारात शोधलीत तर मिळून जाते. १२ व्होल्टची आहे हे मात्र लक्षात ठेवा. तुमच्या जॉन्सनही १२ च्या असतील तर तेच, २४ च्या बॅटरीवर पीडब्ल्यूएम (सप्लाय भराभर चालू-बंद करून मोटरला सरासरी व्होल्टेज कमी देणं) ५० टक्क्यांवर अडवून लोक चालवतात, पण कोडमध्ये एक चूक झाली की पूर्ण २४ जातात, त्यापेक्षा वेगळा १२ चा सप्लाय द्या.

रोलरबद्दल बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. जोरात फेकायचं म्हणजे मोठी मोटर असं वाटतं, पण ६०० ग्रॅमचा बास्केटबॉल ७ मीटर/सेकंदने सोडायला लागते सुमारे १५ जूल एनर्जी, आणि दोन बॉलमध्ये ३ सेकंद असतील तर सरासरी ५ वॉट, घसरण्यात तिप्पट गेली तरी १५. बॉलला धक्का देतो तो चाकात साठलेला वेग, मोटर फक्त तो परत भरते. म्हणून दोन्ही रोलरना ७७५ लावा, तिचा स्पीड बेल्टने खाली आणून (१०० एमएमच्या चाकाला ढोबळ १५०० आरपीएम) आणि पैसे मोटरवर घालण्याऐवजी चाकाच्या कडेला लोखंडी रिंग बसवून वजन वाढवा. एन्कोडर (चाकाचा खरा वेग मोजणारा सेन्सर) मात्र हवाच हवा, नुसत्या पीडब्ल्यूएमवर चालवलंत तर बॅटरी उतरेल तसा प्रत्येक बॉल थोडा आखूड पडत जाईल. ग्रिपरला मोटर लावूच नका, न्यूमॅटिक (दाबलेल्या हवेवर चालणारा) सिलिंडर वापरा, नियमातल्या ६ बारच्या आत भरपूर ताकद मिळते.

म्हणजे माझी वाटणी अशी: तीन चांगल्या मोटर बेसला, लिफ्टला स्प्रिंग आणि जॉन्सन, रोलरला दोन ७७५, आणि चौथी चांगली मोटर स्पेअर म्हणून चाक-कपलिंगसकट तयार ठेवा. यंदाच्या रूलबुकमध्ये चढ असेल किंवा समोरचा रोबो अंगावर येऊ शकत असेल तर चार चाकांचा बेस करा, तेव्हा स्पेअर विकत घ्यावाच लागेल. थीम दरवर्षी बदलते, २००८ ला पुण्यात दहीहंडीवर होती, २०२२ ला लगोरी, २०२५ ला बास्केटबॉल, त्यामुळे वरची मेकॅनिझम दरवर्षी फेकून नवी करावी लागते पण बेस सगळ्यांना लागतो आणि मॅचभर सतत पळतो. रोलर बंद पडला तरी टीम काहीतरी पॉइंट काढते, बेस बंद पडला तर मॅच तिथेच संपते. महागडी मोटर जिथे दरवर्षी आणि सतत वापरली जाईल तिथेच गेली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

एकाच बेसमध्ये दोन जातीच्या मोटर मिसळू नका, लोड बदलला की दोघींचा स्पीड वेगवेगळा पडतो आणि रोबो तिरका जातो. चाक थेट मोटरच्या शाफ्टवर टांगू नका, पलीकडून बेअरिंग द्या. मोटर ड्रायव्हर बोर्ड स्टॉल करंट बघून घ्या, रनिंग करंट बघून नाही. आणि सगळ्या मोटर एकदम सुरू झाल्या की ६एस लिपोचा (सहा सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा) व्होल्टेज क्षणभर खाली बसतो, कंट्रोलर रिसेट होतो, आणि मुलं दोन दिवस कोडमध्ये बग शोधत बसतात, म्हणून कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी द्या आणि कोडमध्ये स्पीड एकदम न देता रॅम्प करा, म्हणजे हळूहळू वाढवा.

ऑर्डर द्यायच्या आधी एक करा, चार प्लॅनेटरींपैकी प्रत्येक बेंचवर लोडशिवाय चालवून करंट आणि आरपीएम लिहून घ्या. जुन्या मोटर आहेत, चारही सारख्या असतील असं धरू नका, जिचा नो-लोड करंट बाकीच्यांपेक्षा बराच जास्त येईल तिचा गिअरबॉक्स उघडून ग्रीस आणि ब्रश बघा, आणि तरी फरक पडला नाही तर तीच स्पेअरला टाका.