‘साइड’ने संपणारे इंग्रजी शब्द: कुठे हत्या, कुठे नाशक

सुइसाइड, पेस्टिसाइड, जेनोसाइड या शब्दांच्या शेवटी येणाऱ्या ‘साइड’चा अर्थ काय, आणि ‘डिसाइड’ हा शब्दही त्याच कुळातला आहे का, असे आपण विचारले आहे. हो, डिसाइडही त्याच कुळातला आहे. पण आधी बाकीचे शब्द पाहू.

या सर्वांच्या मुळाशी ‘काएदेरे’ हे लॅटिन क्रियापद आहे. तोडणे, कापणे आणि त्यावरून ठार मारणे, असे त्याचे अर्थ होतात. लॅटिनमध्ये त्यापासून मारणाऱ्यासाठी एक आणि मारण्याच्या कृत्यासाठी दुसरे, असे दोन वेगळे प्रत्यय होते; इंग्रजीपर्यंत येताना दोन्हींचे रूप एकच झाले, आणि शिकणाऱ्याचा गोंधळ होतो तो नेमका इथे. १६४९ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला, ते कृत्य ‘रेजिसाइड’ म्हणजे राजहत्या. आणि त्याच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर सह्या करणारे ५९ जण, तेही ‘रेजिसाइड’च. मराठीत मात्र आपण ही दोन टोके वेगळी ठेवतो. कृत्य असेल तर ‘हत्या’, मारणारा पदार्थ असेल तर ‘नाशक’. म्हणून सुइसाइड ही आत्महत्या, इन्फंटिसाइड ही बालहत्या, पण फंगिसाइड हे बुरशीनाशक. शत्रुघ्न, कृतघ्न या शब्दांतला ‘घ्न’ हा या मारणाऱ्या ‘साइड’चा अगदी जवळचा जोडीदार आहे, आणि ‘हत्या’ व ‘घ्न’ हे दोन्ही एकाच ‘हन्’ धातूपासून आले आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

होमिसाइडचे भाषांतर सरसकट ‘खून’ असे करू नये. माणसाच्या हातून माणूस मारला जाणे एवढाच त्याचा अर्थ असून खून हा त्यातला एक प्रकार आहे. म्हणूनच आपल्याकडे कायद्याच्या भाषेत ‘सदोष मनुष्यवध’ हा वेगळा शब्द वापरतात.

या शब्दांचा पूर्वार्ध नीट वाचणे किती गरजेचे आहे, हे शेतकऱ्याच्या घरात लवकर कळते. आमच्या गोठ्याच्या फळीवर दोन बाटल्या शेजारीशेजारी असत. एकीवर इन्सेक्टिसाइड, दुसरीवर हर्बिसाइड. आकार सारखा, झाकण सारखे, शब्दाचा शेवटही सारखाच. एकदा तणनाशक मारलेला पंप नीट न धुता त्याच पंपाने वांग्यावर किडीचे औषध फवारले गेले आणि काही दिवसांतच शेंडे वाकडे होऊन पाने आक्रसली. कोण मरणार हे सांगणारा भाग शब्दाच्या सुरुवातीला असतो: ‘इन्सेक्ट’ म्हणजे कीटक, ‘हर्ब’ म्हणजे वनस्पती. पेस्टिसाइड हा या सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे, तरीही भारतातल्या १९६८च्या इन्सेक्टिसाइड्स ॲक्टमध्ये बुरशीनाशके आणि तणनाशकेही ‘इन्सेक्टिसाइड’ याच नावाखाली मोडतात. दुकानात ऐकू येणारा ‘वीडिसाइड’ हा शब्द तर इंग्रजी ‘वीड’ला लॅटिन शेपूट जोडून बनला आहे.

जेनोसाइडही असाच दोन भाषांचा जोड आहे. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने ग्रीक ‘गेनोस’ म्हणजे वंश आणि हा लॅटिन शेवट जोडून तो घडवला. १९४४ साली तो त्यांच्या पुस्तकात छापला गेला आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार स्वीकारला.

आता डिसाइड. येथे ‘काएदेरे’चा मूळ अर्थ, म्हणजे कापून वेगळे करणे, टिकून राहिला आहे, प्रश्न कापून संपवायचा. मराठीला ही कल्पना परकी नाही, कारण गावचे पंचही तंटा ‘तोडतात’. कन्साइस आणि प्रिसाइस हे शब्दही याच कापण्यातून आले आहेत. कोइन्साइड मात्र या कुळातला नाही. तो ‘कादेरे’, म्हणजे पडणे, या वेगळ्या क्रियापदापासून आला आहे, आणि ॲक्सिडेंट, इन्सिडेंट हे त्याचे सख्खे भाऊ आहेत. आउटसाइड, रोडसाइड यांतली ‘साइड’ म्हणजे तर साधी बाजू. तिचे स्पेलिंगही ‘सी’ने नव्हे, ‘एस’ने सुरू होते.

मोठ्याने वाचताना एक खूण उपयोगी पडते. मारण्याच्या अर्थाच्या शब्दांत मुख्य आघात ‘साइड’च्या आधी कुठेतरी पडतो, जसे सुइसाइडमध्ये ‘सु’वर, डिसाइड आणि कोइन्साइडमध्ये मात्र तो ‘साइड’वरच येतो.