टीव्ही मुद्दाम बिघडवतात का?

प्रश्न : आमचा एलईडी टीव्ही चार वर्षांचा आहे. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी लावला की लाल दिवा नुसता लुकलुकतो, चित्र येत नाही. दुपारी मात्र आपोआप सुरू होतो. कंपनीचा माणूस म्हणतो, सगळा बोर्डच बदला, साडेचार हजार रुपये. शेजारचे काका म्हणतात, वॉरंटी संपली की जातील असेच कंडेन्सर कंपन्या मुद्दाम घालतात. खरं आहे का?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, साडेचार हजार अजून देऊ नका. सकाळी अडणारा आणि दुपारी चालणारा टीव्ही दुकानात आला की मी आधी पॉवर सप्लायचे, म्हणजे टीव्हीला वीज पुरवणाऱ्या भागाचे, कंडेन्सरच तपासतो. कंडेन्सर म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी डबी. त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि रसायनात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. हे रसायन तळाच्या रबरी बुचातून हळूहळू उडून जातं, तसा कंडेन्सरचा अंतर्गत रोध वाढतो. गारठ्यात तो आणखी वाढतो, व्होल्टेज डळमळतं आणि सेट उठत नाही. डोक्यावरची फुलीसारखी खाच फुगली असेल तर निदान झालंच. पण वरून सपाट, देखणा दिसणारा कंडेन्सरही गेलेला असू शकतो. साधा मल्टिमीटर त्याला बऱ्याचदा पास करतो, त्यासाठी हा अंतर्गत रोध (ईएसआर) मोजणारा ईएसआर मीटरच लागतो.

आता काकांचा संशय. तो हवेतला नाही. 1924 साली बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाचा गट केला, बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं आणि जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्या सभासदाला दंड लावला. तुमच्या टीव्हीत मात्र मला असा कट दिसत नाही. दिसते ती काटकसर, आणि मला तिचाच जास्त राग येतो. कंडेन्सरवर ‘105 अंश’ छापलेलं असतं, स्वस्तातल्याचं त्या तापमानाला आयुष्य साधारण 2000 तास. तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे 85 अंशांना 8000 तास. रोज सहा तास टीव्ही चालला तर साडेतीन वर्षांच्या आसपास! तोच कंडेन्सर तापणाऱ्या हीटसिंकपासून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीपासून, बोटभर लांब बसवला आणि 10 अंश वाचले, तर सात वर्षं. बोर्ड आखणाऱ्याला हा हिशेब पाठ असतो. तरी कंडेन्सर हीटसिंकला खेटून बसवलेले मी रोज बघतो. पाच हजार तासांचा कंडेन्सर घ्यायला काही रुपयेच जास्त पडतात.

मुद्दामपणा म्हणाल तर तो पुढे आहे. सर्किटचा नकाशा द्यायचा नाही, सुटे भाग विकायचे नाहीत, सरळ बोर्ड बदलायला सांगायचं. फ्रान्समध्ये 2021 पासून टीव्ही विकताना दुरुस्तीयोग्यतेचे गुण दाखवावे लागायचे, 2025 पासून त्यांच्या जागी टिकाऊपणाचे गुण आले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि पोर्टलही काढलं. तिथे तुमची कंपनी आहे का बघा.

मागचं झाकण स्वतः उघडू नका. मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट शिल्लक राहू शकतात. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे जा आणि त्याच्याकडे ईएसआर मीटर आहे का, हे आधी विचारा. त्याला सांगा, नवा कंडेन्सर हवा तो मायक्रोफॅरड (वीज साठवण्याची क्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, 105 अंशांचा, कमी ईएसआरचा, नामांकित कंपनीचा. जुन्या बोर्डावरून काढलेला नको. आणि बोर्ड बदलायचीच वेळ आली, तर जुना बोर्ड मागून घ्या, तो तुमचा आहे.